नवरदेवाचा माइक

'ताटावर बसून दिलेला शब्द तुम्ही हात धुताना विसरलात.'

सुवर्णानं हे टाइप केलं, एकदा वाचलं, आणि पाठवायच्या बाणावर गेलेलं बोट मागे घेऊन सगळं खोडून टाकलं. फोन पालथा ठेवला. ज्यांना ते पाठवायचं होतं ते संघाचे अध्यक्ष समोर लॅपटॉपवर हातात पुरीचा तुकडा धरून, तोंड अर्धवट उघडं, जागच्या जागी थिजले होते. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर तिची सासू, सरुबाई. पदर नीट घेतलेला, ताटाला हात न लावता अध्यक्षांच्या तोंडाकडे बघत बसलेली.

रेकॉर्डिंगमधला हाच तुकडा काढायचा होता.

सकाळी ज्ञानेशचा फोन येऊन गेला होता. ज्ञानेश संघाच्या कार्यालयातला माणूस. कालची परिषद सगळी त्यानंच उभी केलेली. तो इतका गोड बोलायचा, की तो काय मागतोय ते फोन ठेवल्यावर कळायचं. आधी त्यानं कौतुक केलं. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, इंदूर-सुरतच्या व्यापाऱ्यांचे मेसेज आले. मग संघाच्या वर्षभराच्या सगळ्या परिषदांचं काम तिलाच द्यायचं घाटत असल्याचं सांगितलं. आणि शेवटी, भाजी घेऊन निघताना कढीपत्ता मागावा तसं म्हणाला, "तेवढं जेवणाचं काढून टाका मॅडम. संध्याकाळी रेकॉर्डिंग पोर्टलवर चढायच्या आत."

"सगळं जेवण?"

"सगळंच. अर्धं काढलं की लोक विचारतात, का काढलं."

संघ म्हणजे फुलं आणि भाजीपाल्याच्या व्यापाऱ्यांचा. परिषदेचं नाव लांबलचक होतं, त्यात 'मूल्यसाखळी' असा एक शब्द होता, आणि पाथर्डी फाट्याजवळच्या हॉटेलातला थंडगार हॉल पितृपंधरवड्यात लग्नं नसतात म्हणून सहज मिळाला होता. ज्याच्या मालावर परिषद भरते तो त्या हॉलात मावत नाही, हा सगळ्याच परिषदांचा नियम. म्हणून संघानं यंदा शहाणपणा केला. त्या दिवशी सगळं लाइव्ह दाखवायचं, आणि पुढे महिनाभर रेकॉर्डिंग ठेवायचं, ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा बघावं. चांदवड-देवळ्याचे कांदेवाले लिलाव सोडून भाषणं ऐकायला येणार नाहीत, हे संघाला माहीत होतं. ते रात्री गादीवर पडून भाषणं ऐकतील, असं मात्र संघाला खरंच वाटत होतं.

काम सुवर्णाला मिळालं, कारण या दिवसांत ती रिकामी होती. तिचा धंदा लग्नांचा. लॉकडाउनमध्ये लोकांना मांडवात जाता येईना, तेव्हा ती आणि तिची नणंद चैताली, दोघींनी लग्नं घरोघरच्या फोनवर पोचवायला सुरुवात केली. पुढे मांडव परत भरले, पण गुडघे दुखणाऱ्या आत्या आणि दुबईतले भाचे काही मांडवात आले नाहीत, म्हणून धंदा टिकला. त्यात ती एक गोष्ट शिकली. मंगलाष्टकं कुणी पुरती बघत नाही. लोक बघतात पंगत. कोण आलं, कोण कुणाशेजारी बसलं, कुणी रुसून ताट सरकवलं, जिलबी होती की गुलाबजाम. त्यामुळे तिचा कायदा होता: बाकी काहीही बंद पडो, पंगतीवरचा कॅमेरा बंद पडता कामा नये.

दुसरा कायदा माइकचा. नवरदेवाच्या कॉलरला सकाळी लावलेला माइक पाठवणी होईपर्यंत काढायचा नाही. मध्ये काढला की तो कुठल्या तरी मामाच्या खिशात जातो आणि मामा सिन्नरला.

परिषदेत नवरदेव नव्हता. पण अध्यक्ष जाकीट घालून आले, गळ्यात हार पडला, समोर फोटोवाल्यांनी गर्दी केली, आणि चैतालीनं सवयीनं त्यांनाच नवरदेव धरून त्यांच्या कॉलरला माइक अडकवला. ज्ञानेशनं दिलेल्या कागदावर 'भोजन अवकाश' असं लिहिलं होतं. त्या वेळात पडद्यावर नुसती पाटी दाखवायची, हे कुणाही मुंबई-पुण्याच्या कंपनीला सांगावं लागलं नसतं. या दोघींनी कागद वाचला, भोजन आहे हे बघितलं, आणि चैताली कॅमेरा घेऊन जेवणाच्या दालनात शिरली.

तिथे सरुबाई होती. व्यासपीठ सजवायला झेंडू-शेवंती मखमलाबादहून तिनंच आणली होती, आणखी चारसहा बायकांसोबत. फुलं देऊन त्या परतणार होत्या. पण अध्यक्षांना शेतकऱ्यांसोबत जेवताना एक फोटो हवा होता, म्हणून त्यांना थांबवून घेतलं. सरुबाईला त्यांच्याच शेजारी बसवलं. फोटो झाला. फोटोवाला गेला. चैतालीचा कॅमेरा थोडा मागे, खांबाला टेकून चालूच होता, आणि कॉलरचा माइकही.

सुवर्णानं बटण दाबलं. अध्यक्ष हलायला लागले.

"घ्या ना मावशी, जेवा."

"जेवते साहेब. पण आधी एक सांगा. छप्पर कधी टाकताय?"

संघाच्या आवारात व्यापाऱ्यांच्या गाळ्यांवर पत्रा होता. माल घेऊन येणारे समोर उघड्यावर बसायचे, फुलांचे क्रेट मांडून, वर ओली पोती टाकून. उन्हात शेवंती मान टाकायची. गेल्या दसऱ्याला परतीच्या पावसानं आवारातच झेंडू काळा केला. आणलेली सोन्यासारखी फुलं बायकांनी गटारीच्या कडेला ओतली आणि रिकामे क्रेट घेऊन घरी आल्या. फुलवाल्यांचा वर्षाचा एकच मोठा दिवस असतो. तो त्यांनी भिजून घालवला, आणि संघानं त्यानंतर निवेदन घेतलं. निवेदन घेणं हे संघाला फार चांगलं जमतं.

"यंदा दसऱ्याच्या आत टाकतो," अध्यक्ष म्हणाले.

"मागच्या साली बी हेच म्हणलात."

"या वेळी नक्की."

"नक्की बी म्हणलात."

अध्यक्ष मोकळेपणानं हसले. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त समोरच्याला बरं वाटेल ते बोलायची सवय होती, आणि ही सवय वाईट माणसापेक्षा महाग पडते. "आईची शपथ मावशी," ते म्हणाले. "दसऱ्याच्या आत छप्पर. आता तरी जेवाल?"

तेव्हा सरुबाईनं पुरीला हात घातला.

सुवर्णानं परत थांबवलं आणि उठून बाहेर आली.

ओसरीवर सरुबाई शेवंती निवडत बसली होती. मोठी फुलं एका क्रेटमध्ये, दबलेली दुसऱ्यात. पितरांच्या दिवसांत फुलाला भाव नसतो, पण ती खुशीत होती. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी काल फोन भिंतीला टेकवून, हार ओवता ओवता ते जेवण लाइव्ह बघितलं होतं, कारण सुवर्णानं लग्नाची लिंक पाठवावी तशी परिषदेची लिंकही सगळ्यांना पाठवून दिली होती. सकाळपासून येणारीजाणारी प्रत्येक जण थांबून सरुबाईला विचारत होती, की पत्रे निळे टाकणार की पांढरे.

सुवर्णा उंबऱ्यावर बसली. तिनं ज्ञानेशचं सगळं सांगितलं. वर्षभराच्या कामाचंही सांगितलं. लग्नाच्या मांडवात कुणीही 'ए व्हिडिओवाली' म्हणून हाक मारतो. इथे पहिल्यांदा कुणी मॅडम म्हणत होतं, हे तिनं सांगितलं नाही, पण सरुबाईला ते माहीत असावं.

"काढ मग," सरुबाई म्हणाली.

"तुम्हाला राग नाही आला?"

"कशाचा राग? तो बोलला, मी ऐकलं, मग मी जेवले. आता तू काढलं म्हणून माझ्या पोटातलं बाहेर येतं व्हय?" तिनं एक दबलेलं फूल उचलून बघितलं आणि मोठ्या फुलांत टाकून दिलं. "लग्नात मुलीकडचे रुसतात, भांडतात, ते तू काढतेसच ना? तसंच हे."

खरंच काढायची सुवर्णा. हुंड्यावरून एका मांडवात झालेली अख्खी बोलाचाली तिनं सफाईनं काढली होती आणि तिथे सनई भरली होती. कुणी विचारलं नव्हतं, आणि तिलाही त्याचं काही वाटलं नव्हतं.

"फक्त एक सांग," सरुबाई म्हणाली. "पुरी खाताना मी लय बेकार दिसते का? तसं असंल तर ते आधी काढ."

सुवर्णा हसली आणि आत गेली. अध्यक्षांच्या 'आता आपण भोजनासाठी थांबूया' या वाक्यानंतर तिनं कापलं. मधे पाटी टाकली, 'भोजन अवकाश'. पाटीनंतर थेट दुपारचा वक्ता, शीतगृहांवर बोलणारा. जोड इतका बेमालूम बसला की तिलाच तो दिसेना. त्या फाइलला तिनं 'फायनल' नाव दिलं. मूळ रेकॉर्डिंग होतं तसंच 'कच्चं' नावानं राहू दिलं. पोर्टलवर चढवायला बसणार, तेवढ्यात फोन वाजला.

ज्ञानेश नव्हता. खुद्द अध्यक्ष होते.

ते जरा चाचरत बोलले. त्यांच्या आईनं काल टीव्हीवर परिषद बघितली होती. माकडहाड दुखावल्यापासून म्हातारी घराबाहेर पडत नव्हती. सकाळपासून तिनं एकच धोशा लावला होता, की जेवणाचं मला परत दाखव. त्यांनी सांगून बघितलं की तसलं काही नव्हतं, तुला डुलकी लागली असेल. तर ती म्हणाली, मग दाखव.

"मी लावलं तर तिला वाटेल मीच काही केलं," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही येऊन दाखवा ताई. जे तयार केलंय ना, फायनल, तेवढंच."

सुवर्णा निघाली तेव्हा सरुबाईनं निवडलेल्यातली शेवंती कागदात बांधून दिली. म्हातारीला दे म्हणाली. का, ते नाही सांगितलं.

बंगला गंगापूर रोडला, आतल्या बाजूला. ज्ञानेश दारातच उभा होता. त्यानं सुवर्णाच्या हातातली बॅग घेतली, आणि जिना चढता चढता पुढच्या परिषदेची तारीख सांगितली. वरच्या खोलीत भिंतभर टीव्ही होता आणि त्याच्यासमोर उशांच्या आधारानं अंबूबाई बसली होती. अध्यक्षांची आई. मांडीवर वाटी, वाटीत भाजलेले शेंगदाणे, आणि ती त्यांची सालं काढून एका बाजूला रचत होती. अध्यक्ष खिडकीशी उभे होते, घरातल्या साध्या सदऱ्यात. कालच्या जाकिटाशिवाय ते बरेच लहान दिसत होते.

सुवर्णानं शेवंती पुढे केली. म्हातारीनं ती नाकाशी नेली, मग सुवर्णाकडे नीट बघितलं.

"तू लग्नवाली ना ग? माझ्या भाचीच्या नातवाचं लग्न तूच दाखवलंस. चांदवडला."

"हो आजी."

"वरणात मीठ नव्हतं म्हणत होते सगळे. मी इथून ऐकलं." ती खूश होऊन मुलाकडे वळली. "ही पंगत दाखवते बरं का. बाकीचे नुसते भटजी दाखवत बसतात. माणसं कुठं दिसतात त्यात?" मग परत सुवर्णाला, "घे, दाणे घे. आणि लाव कालचं."

सुवर्णानं लॅपटॉप टीव्हीला जोडला. पडद्यावर दोन्ही फाइल शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. भिंतभर टीव्ही असल्यामुळे नावंही वीतभर अक्षरांत आली. फायनल. कच्चं. म्हातारीला वाचता येत नसावं, किंवा येत असावं. तिनं तोंडात दाणा टाकला.

"ते फायनल," अध्यक्ष हळूच म्हणाले.

तिनं फायनल लावलं. अध्यक्षांनी भोजनासाठी थांबूया म्हटलं, पाटी आली, पाटी गेली, आणि शीतगृहवाला बोलू लागला. त्याच्या मागे पडद्यावर रंगीत आलेख होते. म्हातारीनं थोडा वेळ त्याला बोलू दिलं.

"जेवण कुठंय?"

"एवढंच आहे आई," अध्यक्ष म्हणाले.

अंबूबाईनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं वाटी बाजूला ठेवली, आणि सुवर्णाला विचारलं, अगदी घरच्या माणसाला विचारावं तसं:

"बाई, तू पंगत कापलीस?"

त्या खोलीत तेव्हा शीतगृहवाला तापमानाबद्दल काही सांगत होता, आणि ज्ञानेश दाराशी फोन बघत असल्यासारखा उभा होता. सुवर्णाला हुंड्याची ती बोलाचाली आठवली, तिच्यावर भरलेली सनई आठवली. तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. आता एक म्हातारी विचारत होती, जिला घराबाहेर पडता येत नव्हतं, आणि जी सुवर्णाच्या भरवशावर मांडवात जाऊन येत होती.

"हो," ती म्हणाली. "कापली. पण टाकून नाही दिली."

ज्ञानेशनं फोन खाली केला. "मॅडम, आपलं बोलणं झालं होतं..."

"झालं होतं," सुवर्णा म्हणाली.

तिनं फायनल बंद केलं. अध्यक्ष खिडकीपासून पुढे आले. त्यांचा हात लॅपटॉपपर्यंत गेला. सुवर्णानं आपला हात मागे घेतला नाही. अध्यक्षांचं बोट वायरवर क्षणभर थांबलं, तिरकी बसलेली ती त्यांनी नीट केली, आणि ते परत खिडकीशी जाऊन उभे राहिले.

तिनं कच्चं लावलं.

जेवणाचं दालन आलं. ताटं, वाढपी, गोल टेबलं. अंबूबाई पुढे सरकून बसली आणि तिच्या तोंडाचा पट्टाच सुरू झाला. अमका किती वाळला. तमक्यानं बायकोला का नाही आणलं. मठ्ठा पितळेच्या भांड्यात ठेवलाय, कळकेल. पुरी फुगलेली दिसतेय, पण हे हॉटेलवाले आधीच तळून ठेवतात. ती मनापासून जेवत होती, इथे बसून. सुवर्णालाही राहवलं नाही. तिनं वाटीतले दाणे घेतले आणि चैतालीनं कॅमेरा किती स्थिर धरलाय ते बघत राहिली. चांगलं काम झालं होतं. कुणी घेवो न घेवो, काम चांगलं झालं होतं.

मग सरुबाई आली पडद्यावर, भिंतभर.

"ही कोण?"

"माझ्या सासूबाई. ती शेवंती त्यांचीच."

अंबूबाईनं मांडीवरच्या फुलांवर हात ठेवला. "ताटाला हात नाय लावत बघ," ती म्हणाली. "मी असते तर मीबी नसता लावला."

पडद्यावर बोलणं झालं. छप्पर कधी, मागच्या साली, या वेळी नक्की, नक्की बी म्हणलात. अध्यक्ष हसले, पडद्यावरचे. खिडकीतले अध्यक्ष बाहेरच्या आंब्याच्या झाडाकडे बघत होते.

'आईची शपथ मावशी. दसऱ्याच्या आत छप्पर.'

"थांबव," अंबूबाई म्हणाली.

सुवर्णानं थांबवलं. पुरीचा तुकडा हातात, तोंड अर्धवट उघडं. म्हातारीनं भिंतीवरच्या मुलाकडे बराच वेळ बघितलं, मग खिडकीतल्या मुलाकडे.

"गोट्यांत हरलास तरी माझीच शपथ घ्यायचास," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. उलट जुनी गंमत सांगावी तशी ती बोलत होती. "पुढं पुढारी झालास. कुणाकुणासमोर किती शपथा घेतल्यास, मी काय ऐकायला नव्हते. त्या मोडल्यास तरी मी वाचले दर वेळी. देवानं सोडून दिलं असंल. ही मात्र मी ह्या कानांनी ऐकली, आणि तीबी पितरांच्या दिवसांत."

"आई, बोलण्याच्या भरात माणूस..."

"इकडं बघ."

अध्यक्ष वळले. सुवर्णाची नजर सवयीनं त्यांच्या कॉलरकडे गेली. आज तिथे काही लावलेलं नव्हतं.

अंबूबाईनं कागदातलं एक फूल घेतलं, चाचपडत अंबाड्यात खोचलं, आणि उशीला नीट टेकून बसली. तिला कुठलीच घाई नव्हती.

"छप्पर टाकणार असशील तर मी दसऱ्याचं सोनं वाटायला खाली उतरते. नसशील टाकणार, तर तसं सांग, म्हणजे मी माझी तयारी करते. ही बाई जायच्या आत सांग, तिला घरी जाऊन तिच्या सासूला सांगायचं असंल. बोल, मी राहू का जाऊ?"